चंद्राबाई आणि तेवीस जात्यांची नावं

दगडावर खडूनं आकडे घालायचे आणि मग तोच दगड गाड्या धुवायच्या पंपानं धुवायचा, ही अक्कल साध्या माणसाला सुचत नाही. त्यासाठी एम.ए. व्हावं लागतं. मी झालेलो आहे.

घडलं ते असं. बारामतीत कऱ्हा नदीच्या अंगाला आमचं लोकवस्तू संग्रहालय आहे. आमचं म्हणजे एका छोट्या विश्वस्त मंडळाचं. मी तिथला नोंदणी सहायक. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या तेवीस घरांनी आम्हाला तेवीस दगडी जाती दिली होती. प्रत्येकाला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली: कुणाचं जातं, कुठल्या गावचं. रविवारी जात्यांच्या दालनाचं उद्घाटन होतं आणि बुधवारी मला फोटो काढायचे होते. दगडांवर धूळ, कोंबड्यांची शीट, एकावर तर निळ्या ऑइलपेंटचा ओघळ. म्हटलं, धुऊन घेऊ. चिठ्ठ्या भिजतील म्हणून त्या सोडवल्या, ताटात क्रमानं लावल्या, आणि गोंधळ नको म्हणून दगडांवर खडूनं ठळक आकडे घातले. एक ते तेवीस, जात्याच्या वरच्या दगडावर म्हणजे वरच्या तळीवर, आणि खालच्या तळीवरही तोच. एवढी शिस्त मी परीक्षेतही पाळली नव्हती. मग माझा मित्र दीपक त्याच्या सर्व्हिसिंग सेंटरमधला पंप घेऊन आला. त्यानं नळी धरली, मी दगड लोळवत गेलो आणि जिथं ऊन मिळेल तिथं वाळत टाकत गेलो. तासाभरात अंगणात शेहेचाळीस दगड काळेभोर चमकायला लागले.

दीपकनं पंप बंद केला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "ज्ञान्या, आकडे कुठं गेले रे?"

आकडे गटारीनं कऱ्हेकडं गेले होते.

हे सगळं ज्यांनी जमवलं ते बापूसाहेब म्हणजे निवृत्त इतिहास शिक्षक. दहा वर्षं स्कूटरवर गावोगाव हिंडून त्यांनी एकेक वस्तू मागून आणलेली. लोक आधी देत नसत. कुणी म्हणायचं विकून खाल, कुणी म्हणायचं भंगारात घालाल. बापूसाहेब प्रत्येक उंबऱ्यावर एकच शब्द द्यायचे: वस्तूखाली तुमच्या घराचं नाव राहील. त्या शब्दावर हे संग्रहालय उभं होतं आणि मी त्या शब्दावर पंप मारला होता.

"फोटो काढले होते?" बापूसाहेबांनी विचारलं.

"धुतल्यावर काढणार होतो, सर."

"नोंदवहीत वर्णन असेल."

होतं. 'जातं, दगडी, एक. स्थिती बरी.' असं तेवीस वेळा, माझ्याच अक्षरात.

"ज्ञानेशराव," ते म्हणाले. बापूसाहेब चिडले की माझ्या नावाला राव लावतात. "रविवारी लोणी भापकरहून मुक्ताबाई येणार आहेत. ब्याऐंशी वर्षांच्या. जातं गाडीत चढवताना त्यांनी मला विचारलं होतं, मास्तर, गर्दीत माझं हरवणार न्हाय न्हवं? आता त्यांना काय सांगू, ज्ञानेशराव? यातलं आवडेल ते घेऊन जा?"

माझी नोकरी जाणार हे तर दिसतच होतं, पण ते एवढं लागलं नाही. बापूसाहेब ताटातल्या चिठ्ठ्या एकेक करून वाचायला लागले, ते लागलं.

तेवढ्यात मागून झाडूचा आवाज थांबला.

"कुनाचं मयत झालं म्हनायचं?" चंद्राबाई म्हणाली.

चंद्राबाई आमच्याकडं सहा वर्षं झाडलोट करते. काडीसारखी बाई, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली, कपाळावर हिरवं गोंदण, आणि जीभ अशी की विश्वस्तसुद्धा पायपुसण्यावर पाय पुसूनच आत येतात. मी झालेला घोटाळा सांगितला. तिनं झाडू भिंतीला टेकवला, जवळच्या दगडापाशी उकिडवी बसली आणि त्यावर तळहात ठेवला. ताप बघायला कपाळावर ठेवतात, तसा. बोटं हळूहळू कडेकडेनं फिरली.

"ह्यो अंथुर्ण्याचा," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून खुदकन हसली. "आरं, ह्यो तर तुझ्याच घरचा की रं, ज्ञानबा!"

आमच्या घरचं जातं त्या तेविसांत होतं, ते खरं. मीच टेम्पोत घालून आणलं होतं. पण त्या ढिगात मला ते मेलो तरी ओळखू आलं नसतं.

"कशावरून?"

"झीज बघ. उजव्या अंगाला झिजायचं, तर ह्यो डाव्या अंगाला झिजलाय. तुझी आजी डावरी हुती. खुंटा डाव्या हातानं धरायची."

आजी गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. मी तिथंच फोन लावला. वडील, म्हणजे हिंदुराव, उसाला पाणी देत होते.

"आण्णा, आजी डावखुरी होती का?"

पलीकडं मोटार बंद झाल्याचा आवाज आला. मग आण्णा म्हणाले, "तुला कुनी सांगितलं? भाकरीबी डाव्या हातानंच थापायची. ती गेल्यापास्नं कुनी बोललं न्हाय हे."

मी फोन ठेवला. बापूसाहेब तर चक्क खाली बसले, मातीत, धोतर नवं असून.

"चंद्राबाई, तुम्हाला हे कसं कळतं?"

"मी टाकी लावत हुती न्हवं," ती म्हणाली. जणू कुणी विचारलं असतं तर सहा वर्षांपूर्वीच सांगितलं असतं. आणि कुणी विचारलं नव्हतं, हेही खरंच. तिचा नोकरीचा अर्ज मीच भरला होता. 'पूर्वानुभव' या रकान्यात माझ्या सुबक अक्षरात लिहिलेलं आहे: नाही.

जातं दळून दळून गुळगुळीत होतं. गुळगुळीत दगड दाणा नुसता लोळवतो, फोडत नाही. मग त्याच्या पोटावर पोलादी टाकीनं बारीक बारीक टोचे मारून तो पुन्हा खरबरीत करावा लागतो. ही टाकी लावणारी माणसं गावोगाव हिंडायची. चंद्राबाईचा आजा, बाप, आई सगळे हेच करायचे. तिचा जन्म इंदापूरकडच्या कुठल्याशा माळावर झाला. गाव तिला माहीत नाही, पण तिथं करडई काढणीला आली होती, एवढं आईनं सांगितलेलं. बाप लवकर गेला. मायलेकी सकाळी एका गावात शिरायच्या, "जात्याला टाऽकी" अशी हाळी द्यायच्या, आणि आळीतल्या बाया वरची तळी उचलून ठेवून वाट बघत बसायच्या. मजुरी दाण्यात. त्याचाही नियम होता: टाकी लावल्यावर पहिलं पीठ फेकून द्यायचं, दुसरं घरधनिणीनं दाताखाली धरून बघायचं. खर, म्हणजे दगडाची कचकच, लागली नाही, तरच मापटंभर ज्वारी घ्यायची, आणि तीही त्या घरच्या रानातली. "इकत आनलेली घेतली तर जातं रुसतं," चंद्राबाई म्हणाली. रुसतं म्हणजे काय करतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुझ्यासारखं. खातं, पर काम करत न्हाय."

गावोगाव पिठाच्या गिरण्या झाल्या आणि हाळीला ओ देणाऱ्या बाया कमी झाल्या. चंद्राबाईनं मग कांदे खुरपले, विटा वाहिल्या, वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये धुणीभांडी केली आणि शेवटी आमच्या झाडूला हात घातला. हत्यारं मात्र विकली नाहीत. त्या दिवशी दुपारी ती घरी गेली आणि फडक्यात बांधलेली टाकी अन् हातोडी घेऊन आली. हातोडीचा दांडा तिच्या मुठीच्या आकाराचा झिजलेला. मी धरून बघितला तर माझी बोटं त्यात बसेनात.

पुढचे दोन दिवस आम्ही जे बघितलं, ते मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. संग्रहालयात काम करणाऱ्याला वस्तू बघायची सवय असते. दगड बोलताना ऐकायची नसते. आधी तिनं शेहेचाळीस दगडांतून जोड्या लावल्या. खालच्या तळीवर वरची टेकवायची, अर्धा वेढा फिरवायची, मान हलवायची, "ही हिची न्हवं," दुसरी. कान एका बाजूला कललेला. जोडी जमली की तिचा चेहरा असा व्हायचा, जसा लग्नात आंतरपाट निघाल्यावर मावशीबाईंचा होतो. मग नावं.

"ह्यो सणसरकडचा. हितं हळद दळायचे. पंपानं धुतलंस, पर भोकात बघ." मी बोट घातलं. पिवळं निघालं.

"हिला पीठ बारीक लागायचं, सासरा बोळका हुता. म्हनून टोचं दाट हाईत."

"हिचा खुंटा दोनदा बसवलाय. पैला नवरा-बायकूच्या भांडनात मोडला. नवऱ्यानं न्हाय, बायकूनं मोडला. कशावर, ते इचारू नगंस."

बापूसाहेब वही घेऊन बसले होते. दहा वर्षं जमवलेल्या वस्तूंखाली त्यांनी लांबी, रुंदी, वजन लिहिलं होतं. आता ते सासऱ्याचे दात लिहीत होते. मध्येच ते लिहायचं विसरून तिच्या हाताकडं नुसते बघत राहायचे. मीही. त्या तळहाताखाली दोन तालुके होते. घरंच्या घरं, पहाटेचे दिवे, कोण कुणाशेजारी दळायला बसायचं, कुणाला मूल झालं म्हणून महिनाभर जातं मुकं राहिलं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात यातली एक ओळ नव्हती.

तीन जात्यांना हात लावून तिनं सरळ सांगितलं, "ही माझ्या हाताखालची न्हाईत. खोटं कशाला बोलू?" त्यातलं एक दीपकनं ओळखलं. जात्याच्या मधली लोखंडी खीळ बघून तो म्हणाला, "ही लेथवर केलेली आहे. कारखान्यातल्या फिटरचं जातं असणार." वालचंदनगरची चिठ्ठी तिथं बांधली. उरलेल्या दोन घरांना फोटो पाठवले आणि त्यांनी आपापलं ओळखलं. दीपक तेव्हापासून स्वतःला संग्रहालयाचा तांत्रिक सल्लागार म्हणवतो.

दुपारी जेवायला आम्ही मागच्या कडुलिंबाखाली बसायचो. आमच्या संग्रहालयाची इमारत आधी कापसाचं जिनिंग होती, मग गुळाचं गोदाम, मग तालीम, मग नुसतीच वटवाघळांची. आता शेजारी वाचनालय आहे, खुला रंगमंच आहे, पलीकडं तांबट आळी आणि पखवाजाला शाई लावणाऱ्याचं दुकान. सगळ्याला मिळून कमानीवर 'सांस्कृतिक परिसर' असं लिहिलंय. रिक्षावाले अजून 'जुन्या भांड्यांपाशी' म्हणतात. तर त्या कडुलिंबाखाली जमिनीतून वर आलेल्या खडकाला एक लांबट, गुळगुळीत खाच आहे. तिथं बापूसाहेबांनी पाटी लावलेली: 'प्राचीन उखळ, अंदाजे सतरावे शतक.'

"मास्तर, तितं काय लिवलंय?" चंद्राबाईनं भाकरी मोडता मोडता विचारलं. मी वाचून दाखवलं.

"सतरावं शतक म्हंजी कवा?"

"साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी."

तिला ठसका लागला. पाणी प्याली. "आमचा तळ पडायचा हितं, बाजाराच्या दिशी. माझा आजा, बा, आय समदी टाक्या घासायची त्या खडकावर धारंला. मीबी घासल्यात. ती खाच आमचीच हाय." तिनं पिशवीतून टाकी काढली, पाणी शिंपडून खाचेत ठेवली आणि पुढंमागं ओढली. टाकी त्या खाचेत म्यानात तलवार जावी तशी बसली.

बापूसाहेब उठले, खिशातलं पेन काढलं आणि पाटीवरचं सतरावं शतक स्वतःच्या हातानं खोडलं. एका इतिहासाच्या शिक्षकाला हे करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. खोडून झाल्यावर त्यांनी खडकाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकवीस चिठ्ठ्या बांधून झाल्या. राहिली दोन जाती, दोन्ही लोणी भापकरची. एक मुक्ताबाईंचं, दुसरं त्यांच्या जाऊबाई साखरबाईंचं. साखरबाई वर्षापूर्वी वारल्या; त्यांचं जातं नातू सौरभनं आणून दिलेलं. दोन्ही एकाच खाणीतली, एकाच मापाची.

"ह्ये दोन उद्या," चंद्राबाई म्हणाली.

शनिवारी सकाळी म्हणाली, "दुपारी." दुपारी म्हणाली, "बघू की." जी बाई बाकीच्या दगडांपाशी एकदाही अडखळली नाही, ती या दोघांच्या आसपास झाडूनसुद्धा काढीना. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मुक्ताबाई येणार. माझा धीर सुटला. मी कडुलिंबाखाली गेलो. ती खडकावर बसून टाकी घासत होती. धार कधीच आली होती, तरी घासत होती.

"मावशी, ओळखू येत नसेल तर तसं सांगा. अंदाजानं बांधून टाकू. कोण बघतंय?"

"वळकतीया," ती म्हणाली. "हात न लावता वळकतीया. त्योच तर घोळ हाय."

मग तिनं सांगितलं.

तेव्हा ती तेरा-चौदाची. आई तापानं फणफणलेली, पारावर निजलेली. लोणी भापकरच्या त्या एकत्र घरात दोन जावांची दोन जाती शेजारी शेजारी होती. चंद्राबाई एकटीनं टाकी लावायला बसली. साखरबाईंचं झालं. मुक्ताबाईंच्या जात्याला कडेला टाकी लागली ती खोल गेली आणि चिंचोक्याएवढी कपची उडाली. पोर घाबरली. दगडाचा चुरा आणि पीठ पाण्यात मळून तिनं ती खाच लिंपली, वरची तळी ठेवली आणि पळाली. अर्धी टाकी लावायची राहिलीच.

"मागनं बाजारात समदं कानावर आलं. चार दिसांत लिंपन सुटलं. पिठात खर यायला लागली. सासऱ्याची दाढ हलली. मुक्ताबाई म्हनली, साखरी भुईवरचं पीठ झाडून माझ्यात मिसळती. साखरबाई म्हनली, ही दानं पाखडत न्हाय. दोन म्हैन्यांत चुली येगळ्या झाल्या, मंग रान येगळं झालं, हिरीच्या पाळ्या येगळ्या. साखरबाई मरंस्तवर दोगी बोलल्या न्हाईत. आमी त्या गावाला फिरून कवा हाळी दिली न्हाय."

माझा खडू आणि पंप मला एकदम पोरखेळ वाटायला लागला.

"तुझं बरं हाय, ज्ञानबा. तुझी चूक सुकायच्या आत उघडी पडली. माझी चोपन्न वरसं लिंपून हाय."

"मग तसंच राहू द्या ना. खाच कुणाच्या लक्षात येणार?"

"मुक्ताबाईच्या. तिनं त्या दगडावर दळलंय." तिनं टाकी बाजूला ठेवली. "आन नावं उलटी बांधली, तर खाच साखरबाईच्या नावाखाली जाईल. मेलेल्या बाईच्या नावावर माझा घाव, आन तोबी तुमच्या म्यूझियममधी, कायमचा. न्हाय, त्ये न्हाय हुयाचं."

ती उठली, आत गेली आणि दोन्ही चिठ्ठ्या स्वतः बांधल्या. लिहिता-वाचता येत नाही. मला विचारून विचारून बांधल्या. मुक्ताबाईंची खाचेच्या दगडाला.

रविवारी दालन भरलं. घरंच्या घरं आली होती. बाया आपापल्या जात्यापाशी जाऊन खाली बसत होत्या, नातवंडांना खुंटा धरायला लावत होत्या. आण्णा आमच्या जात्यापाशी उभे होते, डावा हात खुंट्यावर ठेवून. मी त्या बाजूला गेलो नाही.

मुक्ताबाई दोन नातवांच्या आधारानं आल्या. ठेंगणी, गोरीपान बाई, डोळ्याला जाड चष्मा. चिठ्ठी वाचायच्या भानगडीत पडल्याच नाहीत. खाली बसल्या, कडेवरून हात फिरवला आणि त्यांचं बोट सरळ त्या खाचेत जाऊन बसलं.

"हाय. ह्येच हाय माझं," त्या म्हणाल्या.

बापूसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेतलं राव गेलं होतं. मी श्वास सोडतोय तोवर चंद्राबाई गर्दीतून पुढं आली. हात जोडलेले, हातात अजून झाडू.

"काकी, ती खाच माझी हाय," ती म्हणाली. सगळ्यांदेखत, एका दमात सगळं सांगून टाकलं. लिंपण, पळून जाणं, सगळं.

मुक्ताबाईंनी चष्मा वर सरकवून तिला न्याहाळलं.

"तू टाकीवालीची चंदरी व्हय गं?"

"व्हय, काकी."

"मला ठावं हाय की. तुझी आय फुडल्या बाजाराला गाठ पडली तवा पदर पसरून सांगून गेली. पोरीचा हात चुकला म्हनली. मजुरीबी घेतली न्हाय तिनं."

चंद्राबाईच्या हातातला झाडू खाली पडला. "मंग तुमी बोलला का न्हाईसा?"

"का बोलू? मला येगळी चूल पायजेच हुती. साखरीलाबी पायजे हुती. निमित्त कुनालाच घावंना. तुझ्या टाकीनं घावलं!"

लोक हसले. म्हातारीही हसली, पण हसता हसता तिचं लक्ष शेजारच्या जात्याकडं गेलं आणि हसू उतरलं. तिनं हात लांब करून साखरबाईंच्या दगडावर ठेवला.

"पर साखरीला म्या कवा सांगितलं न्हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज सांगू, उद्या सांगू. तिला वाटत ऱ्हायलं, हिनं माझ्या दळनात खोट काढली."

मग मुक्ताबाईंनी पदरानं नाक पुसलं. "मास्तर, हिचं जातं माझ्यापास्नं जरा लांब ठिवा. एवढ्या मानसांदेखत भांडाय लागली तर?" असं म्हणाल्या, आणि हात मात्र उचलला नाही. "चंदरे, अर्धी टाकी ऱ्हायलीया. पुरी कर की."

चंद्राबाईनं माझ्याकडं बघितलं. संग्रहालयातल्या वस्तूला हत्यार लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मीच टाइप केलेला आहे. बापूसाहेबांनी मान डोलावली. दीपकनं वरची तळी उचलून दिली.

तिनं मांडी घातली, पदर खोचला आणि हातोडी उचलली. टक, टक, टक. अडुसष्ट वर्षांचा तो हात असा चालायला लागला की हात दिसेना, नुसता आवाज. खाली झुकलेला उजवा खांदा का झुकलाय, ते मला सहा वर्षांनी कळलं. टोचे एकामागं एक ओळीनं उमटत गेले, पाऊस धुळीत उमटतो तसे. खाचेची कड तिनं अशी उतरवली की बोटाला धार लागेना. खाच मात्र भरली नाही, बुजवली नाही. मोबाइल काढलेल्या पोरांनी ते खाली केले होते. तेवढा वेळ त्या दालनात आमच्यापैकी कुणालाच काही कळत नव्हतं आणि एकच माणूस सगळं जाणत होतं.

तळी बसवली. पलीकडच्या वाण्याकडून ओंजळभर ज्वारी आणली. पहिलं पीठ फेकलं. दुसरं मुक्ताबाईंनी चिमटीत घेतलं, उरल्यासुरल्या चार दातांखाली धरलं आणि डोळे मिटले.

"न्हाय गं खर," त्या म्हणाल्या.

"मंग माझ्या आयेची मजुरी," चंद्राबाई लगेच म्हणाली. "मापटंभर ज्वारी."

"आता कुठली ज्वारी, बाय! समदा ऊस आन डाळिंब. खायला दुकानातनं आनतो आमी."

"दुकानातली चालत न्हाय. घरच्या रानातली पायजे."

मुक्ताबाईंनी इकडंतिकडं बघितलं. "पंप कुनी मारला हुता म्हनं, आकडं पुसनारा?"

तेवीस घरांच्या माणसांनी माझ्याकडं बोट केलं. त्यात आण्णाही होते.

"मंग ह्यानंच द्यावी. माझ्या वतीनं," मुक्ताबाई म्हणाल्या, आणि हा विषय त्यांच्यापुरता संपला.

माझी नोकरी राहिली. चंद्राबाईच्या अर्जातला तो रकाना मी नव्यानं लिहिला. दोन ओळींत मावेना म्हणून मागं कागद जोडला. ती अजून झाडतेच, कारण दुसऱ्यांनी झाडलेलं तिला पसंत पडत नाही. पण शनिवारी शाळांच्या सहली येतात तेव्हा झाडू बापूसाहेब धरतात आणि ती दगडांपाशी बसते.

ज्वारीचं मात्र अडलंय. आमच्या अंथुर्ण्याच्या चार एकरांत वीस वर्षं उसाशिवाय काही उगवलेलं नाही. मी आण्णांना म्हटलं, बांधाकडंला दोन सऱ्या शाळू ज्वारी पेरू. आण्णा म्हणाले, "पाखरं राखायला तू येनार का तुझं ते म्यूझियम?" मी म्हटलं, मी येईन. ते हसले, पण परवा घरी गेलो तर बांधाकडचा दोन सऱ्यांचा उसाचा खोडवा काढून टाकलेला दिसला. पेरणीला अजून दोन महिने आहेत, मग कणसं भरायची, मग काढणी.

रोज सकाळी मी गाडी लावली की चंद्राबाई फाटकातच उभी असते.

"आनली का रं, ज्ञानबा?"

"अजून पेरायचीय, मावशी."

"बरं," ती म्हणते, आणि माझ्या चाकांनी आलेली माती झाडायला लागते.